घंटा-दोनची नोंद

मित्रांनो, या रुग्णालयाच्या जिन्याखालच्या खोलीतून सतत घूं घूं आवाज येतो ना, तो माझा. मी एक जुना डीएनएस सर्व्हर आहे. माणसे यंत्रांना नावाने ओळखतात, यंत्रांना मात्र आकड्यांतला पत्ताच कळतो. कुणी नाव विचारले की त्याचा पत्ता सांगायचा, हे माझे काम.

मला इथे मास्तरांनी बसवले. ते खरे तंत्रज्ञ, पण शिकवायची खोड भारी, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. एकेक नोंद ते स्वतः हाताने करत. "विचारायचा अवकाश, उत्तर हजर!" असे माझे कौतुकही करत. ते निवृत्त झाले आणि माझ्याकडे बघायला कुणाला सवड उरली नाही. संगणक भंगारात गेले, तरी त्यांची नावे माझ्याजवळच राहिली. नव्यांनाही तीच नावे दिली गेली. एकेका नावाला दोन-दोन पत्ते झाले. त्यातला खरा कोणता, हे मला कसे कळणार? मी आळीपाळीने दोन्ही सांगत राहिलो.

व्हायचे तेच झाले. एका दुपारी ऑपरेशन थिएटरमधून रक्तपेढीला तातडीचा निरोप निघाला. मी पत्ता दिला तो मोडीत निघालेल्या संगणकाचा! बारा मिनिटे वाट पाहून सिस्टर स्वतःच तीन जिने धावत उतरल्या. रोगी वाचला, पण माझ्या जिवाला घोर लागला.

दुसऱ्या दिवशी नेटवर्क सांभाळणाऱ्या ताई माझ्यासमोर बसल्या. रक्तपेढीचा चुकीचा पत्ता त्यांनी आधी पुसला. मला हायसे वाटते न वाटते, तोच दारातून त्यांचे साहेब म्हणाले, "वर्षभरात ज्या नोंदींची तारीख बदलली नाही, त्या सगळ्या उडवा. संध्याकाळी मला स्वच्छ यादी हवी."

एकशे त्रेचाळीस नावे निघाली. बहुतेक मेलेलीच, पण त्यांत 'घंटा-दोन' होते. मला धडकीच भरली. रक्ताच्या पिशव्यांचा फ्रीज तापला, तर त्याचे यंत्र मला घंटा-दोनचा पत्ता विचारते, आणि मग रक्तपेढीतल्या सिस्टरांच्या टेबलावरची घंटा वाजते. फ्रीज इतकी वर्षे तापलाच नव्हता, म्हणून कुणी विचारले नव्हते. चालू संगणक आपल्या नोंदीची तारीख आपोआप ताजी करतात, पण मास्तरांनी हाताने केलेल्या नोंदीची तारीख तशी बदलत नाही. हे सारे मला ठाऊक होते. पण कुणी विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

ताईंचे बोट बटणावर गेले. तिथेच थांबले.

"छे, असं डोळे झाकून नाही जमायचं," असे पुटपुटत त्यांनी मास्तरांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. घंटा-दोनचा पत्ता रक्तपेढीतला दिसत होता, म्हणून मग तिथल्या तंत्रज्ञांना लावून त्या घंटेचे विचारले.

"ती फ्रीजची घंटा? बंदच आहे हो ताई. मी आल्यापासून एकदाही वाजली नाही."

"बंद आहे म्हणून वाजली नाही, की फ्रीज तापला नाही म्हणून?"

"ते काही छातीठोकपणे नाही सांगता यायचं."

"मग बघूनच घेऊ. तापमान मोजणारी कांडी कोमट पाण्यात बुडवा. मी थांबते."

एक मिनिट गेले. दोन गेली. ते यंत्रच बिघडले असेल तर? ताई बोटाचे नख कुरतडत होत्या. तिसऱ्या मिनिटाला प्रश्न आला: घंटा-दोन कुठे आहे? मी क्षणात पत्ता दिला.

"वाजली! अहो, वाजली!" फोनमधून तंत्रज्ञ ओरडले. "सिस्टर जाम चिडल्यात माझ्यावर!"

ताई हसल्या आणि त्यांनी घंटा-दोन पुसायच्या यादीतून काढले.

त्या संध्याकाळी साहेबांना यादी मिळाली नाही. त्यांनी बराच त्रागा केला. ताईंनी चार दिवस घेतले. नाव-नाव पडताळले, त्यांत आणखी दोन जिवंत निघाली. उरलेली पुसली. प्रत्येक नावापुढे ते कुणाचे आणि कशासाठी, हे लिहून ठेवले.

मित्रांनो, माझा पंखा आता धापा टाकतो. माझी काळजी मात्र वेगळीच आहे: पुढचे लोक एवढा धीर धरतील का? जे गेले, त्याची नोंद वेळच्या वेळी पुसा. पण गप्प आहे म्हणून कुणाला मेलेले समजू नका. आधी एकदा हाक मारा, आणि उत्तराची थोडी वाट पाहा.