बिनदोऱ्याचं विमान

उत्तमरावांच्या मळ्यातल्या वांग्यांना मंगरूळपीरच्या बाजारात नाव होतं आणि उत्तमरावांना त्या नावाची फार जाणीव होती. त्यामुळे त्यांच्या मुलीला, पंचफुलाला, मागणी घालायला जो कुणी आसेगावात येई, त्याच्या हातात ते आधी एक वांगं देत आणि तो ते कसं धरतो ते बघत. देठाला धरणारा पुढच्या बोलणीला लायक. पोटाला दाबून बघणाऱ्याला चहा मिळे आणि निरोप मिळे. या पद्धतीनं बरीच स्थळं परत गेली होती. वांगी मात्र दरवर्षी खपत होती.

गुलाबरावानं वांगं देठाला धरलं. इथंच काम झालं असतं. पण तो नुकताच लढाईवरून आलेला होता, आणि लढाईवरून आलेल्या माणसाला नुसतं वांगं धरून बसवत नाही.

लढाईत तो बंगालकडच्या एका विमानतळावर होता. हे अक्षरशः खरं होतं. तिथल्या खानावळीत तो गोऱ्यांसाठी कांदे सोलत असे, हेही खरं होतं. पण ते त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"वांग्याचं काय घेऊन बसले मामा," तो म्हणाला. "म्या तिथी बिनदोऱ्याचं इमान पाह्यलं. एवढंसं. साहेब खाली उभा, हातात रेडिओची पेटी. बटन दाबलं का इमान वळे. बोलावलं का माघारी ये."

"आत माणूस?"

"माणूस नाई."

"अन् दोरा?"

"दोराबी नाई."

उत्तमरावांनी त्याच्या हातातलं वांगं काढून घेतलं. हा अपशकुन होता.

"मंग त्याले रोखून कोन धरते?"

"रेडिओ धरते. अन् कायले सांगू, माह्या घरी हाय तसं इमान. फक्त जोडाचं बाकी हाय."

आता उत्तमरावांचा विमानांवर राग नव्हता. राग गुलाबरावाच्या जुन्या एका गोष्टीवर होता. लढाई ऐन भरात असताना हा पोरगा आपल्या आईला, आवडाबाईला, "मंगरूळहून मीठ घेऊन येतो" असं सांगून निघाला होता, आणि लढाई संपल्यावर परत आला होता. मीठ आणलं नव्हतं.

"आईक," उत्तमराव म्हणाले. "तू मीठ आनाले गेला अन् बंगाल्यात पोचला. माही पोरगी तुले देल्ली अन् उद्या तू साखर आनाले गेला, तं ती कोनाच्या तोंडाकडे पाहीन? पतंगाचा दोरा सुटला का पतंग लुटनाऱ्याचा होते. दोरा सुटल्यावर जे माघारी येते, थे आपलं. संक्रांत झाली का खळ्यावर इमान उडव. दोरा नसतानी माघारी आलं तं पंचफुला तुही. नाई आलं तं तूबी त्याच्याच मांगं जाय."

"जमलं," गुलाबराव म्हणाला. चहा पिऊन बाहेर आल्यावर त्याला घाम फुटला.

कारण विमानाच्या सामानाची पेटी घरी होती हे खरं. मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन साहेबानं जाताना दाढीचा साबण, फाटके बूट आणि ती पेटी असा संसार त्याला दिला होता. झाकणावर चित्र होतं: हिरवं कुरण, वर विमान, खाली हातात पेटी घेतलेला हसरा गोरा. आत बाल्सा नावाच्या लाकडाच्या पातळ फळ्या, पतंगाहून पातळ कागद, डिंकाची नळी आणि नकाशा. रेडिओ नव्हता. तो साहेबानं स्वतःबरोबर नेला होता. माणूस उदार असला तरी अमेरिकन होता.

विमान आपल्या डोळ्यांदेखत बनलं पाहिजे, नाहीतर हा बाजारातून आणेल, अशी उत्तमरावांना शंका होती. म्हणून कारखाना त्यांच्याच मळ्यातल्या खोपडीत, म्हणजे राखणीच्या झोपडीत, सुरू झाला. गुलाबरावानं खोपडीचं दार काढून आडवं टाकलं आणि त्यावर नकाशा पसरला. साहेबानं टाचण्या दिल्या नव्हत्या, म्हणून बाभळीचे काटे आणले. पंचफुला त्यातले सरळ काटे निवडून द्यायला बसे. काटे निवडायला इतका वेळ लागतो हे आसेगावात आधी कुणाला ठाऊक नव्हतं.

ते लाकूड बघायला गाव लोटलं. गुलाबरावाचा दोस्त नथ्थू यानं एक फळी उचलली आणि दचकून खाली ठेवली.

"हे लाकूड हाय? याच्यात वजन कुठी हाय?"

"वजन नाई म्हनूनच तं उडते."

"याच्यावर चहाबी नाई उकळनार बे. नुसतं पाहूनच विझून जाईन."

जिजाबाईंनी, म्हणजे पंचफुलाच्या आईनं, भाजीचा तराजू आणून एका पारड्यात अख्खा पंख ठेवला आणि दुसऱ्यात कोथिंबिरीची जुडी. जुडी जड भरली. जिजाबाईंनी जन्मभर भाजी तोलली होती. त्या मालाविषयी त्यांचं मत तिथंच ठरलं.

गुलाबराव मात्र काम नेकीनं करत होता. पात्यानं एकसारख्या फासळ्या कापायच्या, नकाशावर काट्यांनी टोचायच्या, डिंकाचा ठिपका द्यायचा, सुकेपर्यंत श्वास रोखायचा. डिंकाला पिकल्या केळ्याचा वास होता. त्यामुळे शेजारची बकरी रोज येऊन चौकशी करून जाई.

"ह्या फासळ्या कायच्या?" उत्तमराव विचारत.

"पंखाच्या, मामा."

"कोंबडीच्या पंखात फासळ्या नसते."

"मामा, कोंबडी उडते कुठी?"

उत्तमराव उठून वांग्यांना पाणी द्यायला गेले.

नकाशाबरोबर इंग्रजीत छापलेली पानं होती. ती वाचायला शाळेचे शालिग्राम मास्तर येत. ते एक वाक्य इंग्रजीत मोठ्यानं वाचत, डोळे मिटत आणि मराठीत सांगत. शेपटीच्या उभ्या पट्टीविषयी त्यांनी सांगितलं, "विमान वळवणे हे रेडिओचे काम आहे. त्यात हाताने ढवळाढवळ करू नये." म्हणून गुलाबरावानं ती पट्टी डिंकानं सरळ चिकटवून टाकली. शेवटचं पान तेवढं राहिलं. मास्तरांनी ते "उद्या" म्हणून ठेवलं, आणि मास्तरांचा उद्या सरकारी होता.

दुपारी जेवायला सगळे एकत्र बसत. एकदा जिजाबाईंनी कांदे पुढे टाकले, तर गुलाबरावानं बोलता बोलता पाच-सहा कांदे सोलून, चिरून पानाच्या कडेला ठेवले. डोळ्यांत पाणी नाही.

पंचफुलानं ते पाहिलं. "तुमी तिथी इमानं बनवत होते नं?" तिनं हळूच विचारलं.

"इमानापाशी होतो."

"किती पाशी?"

गुलाबरावानं भाकरीत तोंड घातलं. "वास येत होता," तो म्हणाला.

"कायचा? कांद्याचा?"

तिनं आणखी एक कांदा त्याच्या पुढं सरकवला. आणि दुसऱ्या दिवसापासून काटे निवडायला तिला आणखी वेळ लागू लागला.

कागद चढवून झाल्यावर विमान देखणं दिसू लागलं. कागदाला थोड्या सुरकुत्या होत्या, पण पंख दोन्ही बाजूंना अगदी समान. नथ्थूला घेऊन गुलाबरावानं हरभऱ्याच्या वावरात चाचणी घेतली. विमानाच्या पोटाला आकडा होता. आकड्यात दोऱ्याची कडी अडकवायची, पतंगासारखं पळत वर चढवायचं, दोरा सैल सोडला की कडी गळून पडे आणि विमान आपल्या मर्जीनं तरंगे.

ते तरंगलं. सरळ तरंगलं. हरभरा, तूर, नाला ओलांडून सरळ गेलं. दोघांनी ते बोरीच्या झुडपातून काढून आणलं. पुन्हा सोडलं. पुन्हा सरळ. गुलाबरावानं विमान उत्तम बनवलं होतं. तीच पंचाईत होती.

"हे कामरगावले चाललं, गुलाब," नथ्थू धापा टाकत म्हणाला. "तिथलीच पोरगी पाहून ठेव."

बोरीनं कागद फाटला होता. खळ्यावर दाखवायच्या आदल्या दिवशी गुलाबरावानं पंखांना नवा कागद चढवला, पंख खोपडीच्या सावलीत ठेवले आणि मास्तरांकडे गेला. रेडिओवाचून वळवायची काही युक्ती इंग्रजीत सापडते का, ते बघायला. मास्तर वाशीमला गेले होते.

इकडे जिजाबाई त्याच सावलीत बाजाराला पाठवायची भाजी लावत होत्या. मेथी, पालक, कोथिंबीर, सगळं रांगेनं गोणपाटावर. डाव्या हातात पाण्याचा गडू, उजव्या हातानं शिंपडणं. हा हात गेली पंचवीस-तीस वर्षं असाच चालत आलेला. त्याला डोळे लागत नव्हते. मेथीवर पाणी पडलं, पालकावर पडलं, कोथिंबिरीवर पडलं. पुढं काहीतरी पातळ, पोपटी, कोमेजून सुरकुतलेलं होतं. त्यावरही पडलं.

मग त्यांनी पाहिलं.

"अगं माय!" असं म्हणून त्यांनी पंख उचलले आणि वाळावे म्हणून उन्हात मुळ्याच्या ढिगाला टेकवून ठेवले. तासाभरानं कागद ढोलकीसारखा ताणून बसला होता. पण ताणता ताणता त्यानं डाव्या पंखाची मागची कड पापडासारखी वर उचलली होती. जिजाबाईंनी दाबून पाहिली. पापड उन्हात एकदा वळला की दाबून सरळ होत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी पंख होता तिथं ठेवला आणि देवाचं नाव घेतलं. नवऱ्याला काही सांगितलं नाही.

सकाळी खळ्यावर निम्मं आसेगाव होतं. गुलाबरावानं पंख जोडायला घेतला, ती वळलेली कड पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. काल निदान विमान सरळ तरी गेलं असतं.

"रेडिओ कुठी हाय?" उत्तमरावांनी विचारलं. ते खळ्याच्या मधोमध नवा पांढरा पटका बांधून उभे होते.

गुलाबरावानं पिशवीतून बिस्किटाचा डबा काढला. त्याला सायकलची तार उभी खोचलेली होती.

"हा आवाज काहून करत नाई?"

"हा गानारा नाई मामा. हा नुसता हुकूम देते."

"म्हंजे तलाठीच म्हना नं," नथ्थू म्हणाला आणि दोरा घेऊन धोतर खोचू लागला.

नथ्थू पळाला. विमान गुलाबरावाच्या हातातून सुटून वर निघालं, जरा तिरपं, एका खांद्यानं. मग कसंबसं चिंचेच्या वर गेलं. नथ्थू थांबला. कडी गळाली. दोरा सावकाश खाली आला.

"सुटला!" पोरं ओरडली आणि सवयीनं लुटायला धावली.

उत्तमराव विमानाकडे बघत होते. जिजाबाई जमिनीकडे बघत होत्या. विमान नाल्याच्या दिशेनं निघालं आणि नाल्यापर्यंत जाण्याआधीच डावीकडं कललं.

गुलाबराव आ वासून उभा होता. डबा त्याच्या काखेत होता.

"बटन दाबा नं!" बायकांच्या घोळक्यातून पंचफुला ओरडली.

त्यानं डब्याचं झाकण दाबलं. टक्क आवाज झाला. विमान डावीकडं वळतच होतं, ते आणखी वळलं. तो टक्क टक्क दाबत राहिला. विमान विहिरीवरून आलं, मारुतीच्या देवळाला वळसा घालून पुन्हा विहिरीवर गेलं, पुन्हा देवळाकडं.

"प्रदक्षिना घालून राह्यलं!" कुणीतरी म्हणालं आणि तीन-चार जणांनी हात जोडले.

दर फेरीला ते थोडं खाली येत होतं. खळ्यावर माणसं वाकली. उत्तमराव वाकले नाहीत. मुलीचा बाप वाकत नसतो अशी त्यांची समजूत त्या क्षणापुरती झाली असावी. विमान शेवटचा वळसा घेऊन सावकाश आलं, त्यांच्या पटक्याला टेकलं आणि पटक्याच्या पिळात नाक खुपसून तिथंच बसलं.

पोरं दोरा तिथंच टाकून माघारी पळत आली. मग उत्तमरावांनी मान न हलवता विचारलं, "मले कसं वळखलं यानं?"

"म्या सांगतलं त्याले," गुलाबराव म्हणाला. "पांढरा पटका म्हटलं, सासरे म्हटलं."

"आलं म्हना माघारी."

"आलं नं, मामा."

"आलं," उत्तमराव म्हणाले. "जिजे, याले गूळ दे."

जिजाबाईंना राहवलं नाही. "म्या काल मेथीसंगं त्याच्यावर पानी शिंपडलं होतं, गुलाब. मले वाटलं बिघडलं. एक पंख वळला होता..."

"जिजाबाई," वाशीमहून सकाळीच परतलेले शालिग्राम मास्तर समजुतीनं म्हणाले, "हा विज्ञानाचा विषय आहे." कागद पाणी शिंपडून ताणावा असं सांगणारं शेवटचं पान त्यांनी अजूनही वाचलं नव्हतं.

जिजाबाई गूळ आणायला गेल्या. गुलाबरावानं पटक्यातून विमान काढलं, ती पापडासारखी कड बोटानं चाचपली आणि जिजाबाईंच्या पाठीकडं बघत राहिला. पंचफुला त्याच्याकडं बघत होती.

उत्तमरावांना आता हा जावई मंगरूळच्या बाजारात सगळ्या व्यापाऱ्यांना दाखवायचा होता. कागद पुन्हा नवा चढवावा लागला. बाजाराच्या आदल्या दिवशी गुलाबराव पंख घेऊन आला आणि मेथीच्या शेजारी ठेवून म्हणाला, "मामी, जरासं पानी."

"अन् डबा कायले घेतला मंग?" पंचफुलानं विचारलं.

"डबा तं लागतेच. त्याच्याबिगर लोकाले भरोसा नाई वाटत."

फाल्गुनात लग्न झालं. आठवडाही झाला नसेल, आवडाबाईच्या घरातलं मीठ संपलं. गुलाबराव पिशवी घेऊन उठला. आवडाबाई चुलीपुढं तशीच बसून राहिली, हात परातीत. तव्यावरची भाकरी करपत होती.

पंचफुला उठली. रांजणातून गडूभर पाणी घेतलं आणि दारातून बाहेर पडणाऱ्या नवऱ्याच्या डाव्या खांद्यावर चार थेंब शिंपडले.

"हे काय वं?"

"काई नाई," ती म्हणाली. "जा तुमी."

दिवे लागायच्या आत तो परतला. मीठही आणलं होतं.