ओल्या पोत्याखाली गेलेला माझा जीव

मित्रांनो, मी एक जुना एसी आहे. निलंग्याचे डाळीचे व्यापारी मलप्पा शेठजी यांच्या माडीवर भिंतीला लटकलोय. माझ्यात आता जीव नाही, तेव्हा 'आहे' म्हणणंही आगाऊपणाच.

शेठजींना थंड हवेचा शौक नव्हता. त्यांच्या पत्नी कमलम्मांचं हृदय कमजोर झालं होतं. "उन्हाळ्यात यांना गारव्यातच ठेवा," असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून मी आलो. पहिल्या वर्षी माझं कोण कौतुक! गल्लीतल्या बायका कमलम्मांची विचारपूस करायला येत आणि माझ्यासमोरून हलत नसत.

दसऱ्याला शेठजी दुकानातल्या काट्याबरोबर मलाही विभूतीचे पट्टे ओढत, झेंडू वाहत. पूजा एकदाही चुकली नाही. पण माझी जाळी काढून धुवावी, हे कुणाच्या मनातही आलं नाही. "चालून राहिलाय की, कशाला खोलायचं?" शेठजी म्हणत.

यंदा मे महिन्यात माझा गारवा कमी पडू लागला. गच्चीवर बसवलेला माझा बाहेरचा डबा उन्हात तापलेला पाहून शेठजी हळहळले. जन्म कूलरपुढे काढलेला माणूस! "कूलर ओला ऱ्हातो म्हणून तर गार हवा देतो," म्हणत त्यांनी डब्याला पोतं गुंडाळलं आणि रोज कळशीने त्यावर पाणी ओतलं. मायाच होती ती. पण मित्रांनो, खोलीतली उष्णता मी त्याच डब्यातून बाहेर टाकतो. पोत्याने ती वाटच बुजली, माझा श्वास कोंडला. मी घरघरलो, थरथरलो.

"बघ, कसा जोर धरून राहिलाय!" शेठजी खूश झाले.

एका दुपारी माझा कॉम्प्रेसर जळाला. नुसता पंखा फिरत राहिला, गरम हवा फेकत. गच्चीवरच्या उन्हातून आलेले शेठजी कमलम्मांच्या खाटेवर वाकले.

"का गं, गार लागून राहिलंय ना?"

कमलम्मा घामाने निथळत होत्या. त्यांनी नवऱ्याचे कळशी वाहून सोलवटलेले हात पाहिले.

"हाव, लई गार हाय. तुम्ही जेवून घ्या."

शेठजी निश्चिंत होऊन खाली जेवायला गेले. ते वर आले तेव्हा सगळं संपलं होतं.

मित्रांनो, माझ्या भाऊबंदांची पूजा नाही केली तरी चालेल. जाळी धुवा, बाहेरचा डबा मोकळा ठेवा, उन्हाळ्याआधी मिस्त्रीला बोलवा. माझा आता काही उपयोग नाही. शेठजी रोज माझ्यासमोर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "शेवटपर्यंत तिला गार लागून राहिलं होतं." त्यांना खरं सांगायची माझी छाती होत नाही.