शिट्टीवर उडणारी तोफ

मी एक जुनी तोफ आहे. मित्रांनो, लगेच छाती फुगवू नका. मी कुठल्या गडावर नव्हते, कुठला राजा माझ्या पाठीवर हात टेकून उभा राहिला नाही. मी द्राक्षमळ्यातली, पाखरं उडवायची तोफ. माझे शत्रू मूठभर वजनाचे होते, आणि मी त्यांचं काय केलं ते साखर लावून सांगणार नाही.

एका वेल्डरने पाण्याच्या पाइपाच्या उरलेल्या तुकड्यातून मला घडवलं. पोटात वायू, मागे खटका. मळेवाला मला न्यायला आला तेव्हा वेल्डरने बजावलं, "ही नुसती ओरडणार. हिच्या तोंडात काही कोंबायचं नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मळेवाला म्हणाला.

बाळ नव्हता, पण डोकं सदा तापलेलं. शेजारी त्याला पाठीमागे भडक्या म्हणत. थोरली बहीण, अक्का, तोंडावर म्हणे.

पहिली दोन वर्षं मी नुसती ओरडले. पाखरांचा थवा फुटायचा आणि शेजारी म्हणायचे, "वा! घशात काय जोर आहे!" मला बरं वाटायचं. तिसऱ्या वर्षी पाखरांना माझी खोड कळली. एक साळुंकी तर माझ्याच नळीवर बसून पंख साफ करू लागली. भडक्याने ते पाहिलं आणि त्याचं टाळकं सटकलं. त्याने माझी मान वेलींच्या उंचीला वाकवली आणि तोंडात मूठ मूठ खडी कोंबली.

त्या सकाळी भोरड्यांचा थवा द्राक्षांवर उतरला होता. मी धडाडले. पानं, मणी, पंख, चोची, सगळं एकत्र उडालं. जी मेली नाहीत ती एका पंखावर मातीत गरगर फिरत राहिली. खोटं कशाला बोलू? मला कैफ चढला होता. इतकी वर्षं रिकामी बोंब मारत होते, आता माझ्या शब्दाला वजन आलं होतं.

अक्काने पाखरं गोळा करून पोत्यावर मांडली. भावाला मनगट धरून समोर बसवलं.

"बघ. ही गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची भोरडी. टोळांचा फडशा पाडते. ही ठिपक्यांची, तेल माखल्यासारखी चमकते ती तेलिया मैना. ही भांगपाडी, शेंडी कशी चापून बसवलीय बघ. ही फुलातला रस पीत होती रे! आणि ही आपल्या दारातली साळुंकी. एका घराण्यातल्या चौघी, पण प्रत्येकीचं घर वेगळं, चूल वेगळी."

"मेल्यावर सगळ्या सारख्याच," भडक्या म्हणाला.

"तुला जित्या असतानाही सारख्याच दिसत होत्या. दुखणं तेच आहे तुझं."

तरी तो थांबला नाही. मग अक्काच रोज पहाटे डबा बडवत मांडवाखालून फिरू लागली. जितकी डब्याने उडतील तितकी खडीतून वाचतील, एवढाच तिचा विचार. पानांच्या दाटीत ती माझ्यामागे मचाणावर बसलेल्या भडक्याला दिसायची नाही, म्हणून दोघांनी खूण ठरवली. टोकाच्या हौदामागे पोचली की ती दोन शिट्ट्या मारणार, एक लांब, एक आखूड. मग याने खटका ओढायचा.

ती खूण सगळा हंगाम एक साळुंकी पंपाच्या खोलीवर बसून ऐकत होती. साळुंकीची जातच तशी, कानावर पडलं ते गळ्यात उतरवते. एका दुपारी जेवताना अक्का म्हणाली, "माझी शिट्टी त्या साळुंकीनं उचललीय. हुबेहूब. उद्यापासून काठीला लाल फडकं बांधून दाखवते."

"पाखराच्या धाकानं मी खूण बदलू? लोक तोंडात शेण घालतील."

"तुला कळेल तरी का, कोण वाजवतंय ते?"

"पाखरू ते पाखरू, माणूस ते माणूस. न कळायला काय झालं? जेव गुमान."

दुसऱ्या दिवशी डब्याचा आवाज मांडवाच्या मध्यावर थांबला. वेलीत अडकलेली एक भांगपाडी सोडवायला अक्का वाकली होती. तेवढ्यात शिट्टी झाली. लांब, मग आखूड.

त्याने खटका ओढला.

या वेळी किंकाळी पाखराची नव्हती. भडक्याने अक्काला उचलून आणलं तेव्हा तिचा डावा डोळा जागेवर नव्हता, गाल फाटून लोंबत होता, आणि रक्त त्याच्या कोपरावरून ठिबकत होतं. पंपाच्या खोलीवरून पुन्हा शिट्टी आली. लांब, आखूड. त्याने वर पाहिलं. मी माणसाचा तसा चेहरा त्याआधी पाहिला नव्हता.

दवाखान्यातून परतला तो पहार घेऊन माझ्यावर धावला. खटका तुटला, बूड चेपलं. "हिनं केलं! हिनं केलं!" म्हणत होता. मित्रांनो, मी पाइप आहे. मला डोळे त्याचेच होते.

मग मी पंपाच्या खोलीमागे गंजत पडले. उन्हाळ्यात त्याच साळुंकीने माझ्या नळीत काड्या, चिंध्या भरून घरटं केलं. शिट्टी वाजायचीच. प्रत्येक वेळी भडक्याच्या हातातलं काम गळायचं. एक दिवस तो पुन्हा पहार घेऊन आला. अक्का मागोमाग आली, एका डोळ्याने अंतर चाचपत.

"मार. माझी ना नाही," ती म्हणाली. "पण आधी आत बघ, आणि कोण आहे ते मला नीट सांग. मग मार."

माझ्या ज्या तोंडासमोर तो जन्मात उभा राहिला नव्हता, तिथे त्याने गुडघे टेकले. नळीत डोकावला.

"साळुंकी आहे," तो म्हणाला. "चोच पिवळी. डोळ्यामागं पिवळी कातडी. खाली तीन पिल्लं. अजून डोळे उघडले नाहीत त्यांचे."

"मग?"

त्याने पहार खाली ठेवली. आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

मित्रांनो, तुमच्या हातातही कधी ना कधी एखादा खटका येईल. तेव्हा समोर कोण आहे, ते शिट्टीला विचारू नका. उठा, चालत जा आणि बघून या.