दिवा मंद व्हायला हवा होता

व्होल्टमीटरचा काटा कालच्याच जागी होता. तिने तारांची टोकं रुमालाने पुसली, पुन्हा पिंपाच्या खिळ्यांना टेकवली आणि वाकून पाहिलं. काटा थरथरला आणि मुकाट्याने पुन्हा तिथेच येऊन थांबला.

एव्हाना तो बराच खाली यायला हवा होता.

घराची मागची भिंत आणि कुंपण यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत चार पिंपं ओळीने अर्धी पुरलेली होती. मोरीचं, न्हाणीचं, संडासाचं, घरातलं सगळं सांडपाणी एका पिंपातून दुसऱ्यात असं झिरपत जाई. आत काळ्या कार्बनच्या कापडाचे तुकडे टांगलेले होते आणि त्यांच्यावर जंतूंचा बुळबुळीत थर धरला होता. ते घाण खात आणि खाता खाता थोडीशी वीज सोडत. चारही पिंपांच्या विजेवर मिळून घराच्या बोळकांडीतला एक छोटा दिवा लागे, रात्रंदिवस. शिकत असताना तिने हे सगळं उभं केलं होतं. परीक्षा झाली की मोडायचं, असं ठरलं होतं. दिवा राहिला. त्याच्याबरोबर तीही राहिली.

घराला हळूहळू त्याचं वळण लागलं. फिनेल नाही, ब्लीचिंग नाही, कडक साबण नाही. पाणी थांबलं तर जंतू उपाशी मरतील, म्हणून सगळ्यांनी मिळून कधी परगावी जायचं नाही. वडिलांची थोरली बहीण, तिची आत्या, याच घरात राहायची. मोरी नुसत्या ब्रशने घासताना तिची टकळी चालू असे.

"जावयाचेसुद्धा एवढे लाड करत नाही कुणी. त्याला निदान जा तरी म्हणता येतं."

जा म्हणता येत नव्हतं, हेच खरं. दूरच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेतल्या बाई तिला नोकरीसाठी बोलावत होत्या. त्यांचा फोन आला की ती गच्चीवर जाई, "कळवते" म्हणे आणि खाली येई. अशा दोन जागा दुसऱ्यांना गेल्या होत्या. तिसरीबद्दल बाई आज शेवटचं विचारणार होत्या. पण फिरून आले की वडील रोज दिव्याखाली थांबत, मान वर करत आणि विचारत, "काय म्हणतात आपली मंडळी?" तो प्रश्न कानावर पडला की माळ्यावरची बॅग तिला आणखी उंचावर गेल्यासारखी वाटे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

गेल्या आठवड्यात वडिलांच्या पायाला कुंपणाचा पत्रा लागला. जखम चिघळली. डॉक्टरांनी जंतू मारणाऱ्या कडक गोळ्या दिल्या आणि बजावलं, लाली वर चढली तर दवाखान्यात ठेवावं लागेल. गोळ्या कडक म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. मागे तिचा घसा धरला होता तेव्हा तिने अशाच गोळ्या घेतल्या होत्या. औषध अंगातून उतरून पिंपात पोचलं आणि दिवा काजव्यासारखा झाला. पुन्हा नीट लागायला कितीतरी आठवडे गेले. या वेळी तर औषध दुप्पट होतं. तिने मनाची तयारी केली होती. खरं म्हणजे ती वाट बघत होती. दिवा आपोआप विझला असता, तर कुणालाच काही बोलावं लागलं नसतं.

तिने तारा गुंडाळल्या. पिंपात औषध पोचलेलं नव्हतं. मग ते अंगात तरी कुठून असणार? तिने घाईने हात धुतले आणि ती आत गेली.

वडील स्टुलावर पाय ठेवून बसले होते. पायावर चादर होती.

"गोळी घेतली?"

"घेतली की. मघाशीच, चहाबरोबर."

तिने चादर बाजूला केली. लाली घोट्याच्या वर चढली होती. कातडी ताणून चकाकत होती.

"बाबा, गोळ्या कुठे टाकता?"

वडिलांनी दारात उभ्या असलेल्या आत्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" आत्या म्हणाली. "मी समोर उभी राहून पाणी देते. गिळतोस की तू."

"दिवा तसाच आहे," ती म्हणाली.

 वडिलांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला रुमाल काढून तिच्या हातात दिला. आत गोळ्या होत्या. गालात धरून ठेवल्यामुळे अर्धवट विरघळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

"अरे देवा!" आत्या म्हणाली. "साठी बुद्धी नाठी म्हणतात, ते काय खोटं आहे?"

"सगळे मरतील गं ते," वडील म्हणाले, पण तिच्याकडे बघून. "तुझी एवढी वर्षं आहेत त्यात. पाय काय, होईल बरा."

"एवढा आवडतो तुम्हाला तो दिवा?"

"मला?" त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "मला काय कळतंय त्यातलं? वासाने मागच्या खिडकीशी बसवत नाही मला. पण तू सकाळी उठून आधी तिकडे जातेस. म्हणून आपलं विचारायचं, मंडळी काय म्हणतात. तेवढंच तुला बरं वाटतं."

आत्याने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. 

ती रुमाल उलगडून उभी होती. दाराच्या फटीतून बोळकांडी दिसत होती. बाहेर लख्ख ऊन होतं आणि दिवा चालूच होता. तिने रुमालाची घडी घातली, पाकिटातून नवी गोळी काढली आणि पेला उचलला.

"तोंड उघडा."

त्यांनी गोळी घेतली, वर पाणी घेतलं.

"आता जीभ वर करा."

त्यांनी जीभ वर केली, मग दोन्ही गाल बोटाने ताणून दाखवले.

"आणि कपडे करा. डॉक्टरांकडे जायचंय, आत्ताच."

"मग मोरीत फिनेल ओतू का?" आत्याने हळूच विचारलं. असं विचारून करायची तिला सवय नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. बाईच होत्या. तिने तो उचलला आणि ती सवयीने गच्चीच्या जिन्याकडे वळली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. थांबली. मग मागे फिरली आणि वडिलांच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली.

"हो, बाई, बोलतेय," ती म्हणाली. "नाही, आज कळवते असं नाही म्हणत. मी येतेय. बाबांचा पाय बरा झाला की निघते."