माझ्या पोटावरचा पांढरा थेंब

मित्रांनो, गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंच्या टेबलावर कागदांचा एक गठ्ठा असतो आणि तो पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर लोखंडाचा एक तुकडा ठेवलेला असतो. आकार बेरजेच्या चिन्हाचा, मुठीत मावेल एवढा. येणारे-जाणारे तो उचलतात, उलटासुलटा करून पाहतात आणि परत ठेवतात. शेळी घेऊन आलेल्या एका आजींनी तर एकदा ठामपणे सांगून टाकलं, "औषध कुटायचं असणार हे." मी मनातल्या मनात खूप हसलो. कारण तो तुकडा म्हणजे मीच, एका जीपचा जुना क्रॉस. आजवर मी औषध कुटलेलं नाही, पण औषध डोंगरावर पोहोचवायला मात्र माझा हात लागला आहे. एक नव्हे, चार हात!

माझा जन्म कारखान्यात झाला. लालबुंद लोखंड साच्यात दाबून मला घडवलं, कापलं, घासलं आणि आरशासारखं गुळगुळीत केलं. मग माझ्या चारही हातांवर टोप्या चढवल्या. त्या टोप्यांच्या आत सुयांसारखे बारीक रोलर दाटीवाटीने उभे असतात. त्यांच्यामुळे माझे हात न घासता फिरतात, मात्र त्यांना ग्रीस मिळत राहिलं पाहिजे. ते आत भरण्यासाठी माझ्या पोटाला एक छोटंसं भोक आहे.

आता माझं काम काय, ते सांगतो. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत एका लांब शाफ्टमधून जाते. पण चाकं कुठे एका जागी गप्प बसतात? खड्डा आला की खाली, दगड आला की वर. शाफ्ट नुसता सरळसोट असता, तर पहिल्याच खड्ड्यात मोडला असता. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडाचे दोन-दोन कान असतात आणि त्या कानांत आम्ही क्रॉस बसतो. तुमचं मनगट जसं वळतं, तसे आम्ही वळतो, आणि वळता वळता गरगर फिरतोही. तुमच्या मनगटाला हे जमणार नाही. उगाच प्रयत्न करू नका.

साध्या गाडीत बहुधा दोनच चाकं ओढण्याचं काम करतात. आमच्या जीपमध्ये चालकाच्या शेजारी एक छोटा दांडा आहे. तो ओढला की पुढची चाकंही मागच्यांच्या जोडीने कामाला लागतात. मी पुढच्या शाफ्टमध्ये होतो. त्यामुळे सपाट रस्त्यावर माझी नुसती हवा खात भटकंती चालायची, आणि चिखल किंवा खडा चढ आला की सगळे माझ्याच तोंडाकडे बघायचे. म्हणजे बघायला हवं होतं. प्रत्यक्षात जीप वर पोहोचली की डॉक्टरबाई बॉनेटवर थाप मारून म्हणायच्या, "शाब्बास गं माझी राणी!" राणीच्या पोटाखाली चिखलात कोण राबतंय, ते कुणाच्या गावी नसायचं. तरी मला त्या थापेचा आनंद व्हायचा. तिचा हादरा माझ्यापर्यंत पोहोचायचा ना!

फार सुखाची वर्षं होती ती. मागच्या भागात कधी पाय मोडलेलं वासरू असायचं, कधी टोपलीतल्या कोंबड्या. एकदा एका बोकडाने वाटेत डॉक्टरबाईंची औषधांची चिठ्ठी खाल्ली. त्याला काही झालं नाही, पण त्याच्या मालकाला तोंडी सांगितलेलं औषध पाठ करत डोंगर चढावा लागला.

डॉक्टरबाईंचा हात गुरांवर हलका, पण त्यांना एक खोड होती. डोंगरावरून खाली आल्यावर तो छोटा दांडा परत जागेवर ढकलायला त्या हटकून विसरायच्या. मग डांबरी रस्त्यावरही चारही चाकं जुंपलेली. मित्रांनो, वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर जावं लागतं आणि मागच्यांना कमी. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हा हिशेब आपोआप जुळतो. डांबरावर चाक घसरत नाही, मग ती सगळी ओढाताण आमच्या हाडांवर येते. त्यात ग्रीसचं नाव कुणी काढेना. माझ्या टोप्यांमधले रोलर कोरडे पडले, झिजले आणि माझ्या गुळगुळीत हातांवर चरे पडले. टोप्यांच्या कडेने लालसर भुकटी गळू लागली.

गाडी निघताना मी आवाज देऊ लागलो, टक्. दुसरं काय करणार? मला तोंड नाही. डॉक्टरबाईंना वाटलं, सिरिंजचा डबा खडखडतोय. त्यांनी डब्याखाली टॉवेल घातला. मी पुन्हा म्हटलं, टक्. त्यांनी टॉवेलाची दुहेरी घडी केली. पुढचे दोन महिने त्या डब्याची चैन झाली आणि माझी हाडं खिळखिळी झाली.

मग ती बातमी आली. शेजारच्या डोंगरावर शेळ्यांमध्ये साथ शिरली होती. आमच्या डोंगराच्या माथ्यावरच्या वस्तीत दोनशेच्या वर शेळ्या. तिथल्या लोकांचं सगळं घर त्या शेळ्यांवर चालतं. लस आली, बर्फाच्या पेटीत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी वर जायचंच, हे ठरलं. निघण्याआधी गाडीवर एक नजर टाकून घ्यावी म्हणून डॉक्टरबाईंनी आदल्या दिवशी जीप मिस्त्रींकडे आणली.

या मिस्त्रींना सगळे हळूमामा म्हणतात. ते नट हळू सोडतात, चहा हळू पितात आणि घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला "हळू, हळू" म्हणत बाकावर बसवतात. ते जीपखाली सरकले, शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळला आणि मी खुळखुळ्यासारखा वाजलो.

"बाई, हा क्रॉस संपलाय," ते खालूनच म्हणाले. "अशी चढावर नेली असती, तर शाफ्टच गळून पडला असता."

"अगंबाई! मग तो टक् टक् आवाज याचा होता?"

"आवाज येत होता? मग तुम्ही काय केलंत?"

"टॉवेल घातला," डॉक्टरबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

हळूमामांनी कपाळाला हात लावला. हाताला ग्रीस होतं, ते कपाळावर उमटलं.

डॉक्टरबाईंबरोबर त्यांचे सासरेही आले होते. सगळे त्यांना आजोबा म्हणतात. चाळीस वर्षं ते एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, उकळून, मांडून ठेवायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हातांना काम नव्हतं आणि त्यामुळे घरात एकही भांडं सुखाने मळू शकत नव्हतं. गॅरेजात पाऊल टाकताच त्यांनी भिंतीवरच्या काळ्याकुट्ट पान्यांकडे असं पाहिलं, की मला त्या पान्यांची दया आली.

हळूमामांनी शाफ्ट काढायला घेतला. हा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. एकावर दाते आणि दुसऱ्यात खाचा, एक दुसऱ्यात सरकतो. हे तुकडे वेगळे केले, तर परत जोडताना दोन्ही टोकांचे कान एका रेषेत यावे लागतात. एक दातासुद्धा चुकला की गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरते. म्हणून हळूमामांनी कुंचल्याने जोडावर आरपार एक पांढरी रेघ मारली. रेघेला रेघ जुळली की काम बरोबर. रेघ मारताना कुंचला झटकला गेला आणि रंगाचा एक थेंब माझ्या पोटावर पडला. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग ठोकून ठोकून मला बाहेर काढलं. बारा वर्षांची जागा सुटली. खोक्यातून नवा क्रॉस निघाला, चकचकीत, कोवळा. मला मोडीच्या डब्यात टाकलं. खरं सांगतो मित्रांनो, मला रडू आलं असतं, पण माझ्यात ओलावा म्हणून काही शिल्लकच नव्हता.

तेवढ्यात हळूमामा जेवायला गेले. आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं, बाह्या वर केल्या आणि रॉकेलचा डबा जवळ ओढला. शाफ्टचे तुकडे, लॉक, नटबोल्ट, सगळं त्यांनी घासूनपुसून लख्ख केलं आणि फडक्यावर ओळीने मांडलं, ऑपरेशनच्या टेबलावर मांडावं तसं. गुणगुणत होते ते. इतका खूश माणूस मी त्या गॅरेजात कधी पाहिला नव्हता. मला कुणी धुतलं नाही. मी मोडीतला!

हळूमामा परतले आणि बघतच राहिले. "वा आजोबा! माझ्या गॅरेजात एवढं स्वच्छ काही असू शकतं?"

"हत्यार मळकं म्हणजे काम मळकं," आजोबा ऐटीत म्हणाले.

डॉक्टरबाई मात्र घड्याळ बघत होत्या. त्यांचा फोन सारखा वाजत होता. वरच्या वस्तीतले लोक विचारत होते, उद्या नक्की ना? "मामा, आज एक दिवस तुमचं हळू राहू द्या बाजूला," त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या.

आणि हळूमामांनी आयुष्यात पहिल्यांदा घाई केली. नवा क्रॉस बसवला, चकचकीत तुकडे एकमेकांत सरकवले, नट आवळले, किल्ली फिरवली. जीप गॅरेजाबाहेर पडली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि सगळ्या अंगाने थडथडत परत आली. बाई उतरल्या, तेव्हा त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"नवा क्रॉसच खराब दिसतोय," त्या म्हणाल्या. "मामा, दुसरा मिळेल?"

"दुसरा मागवायला दोन दिवस लागतील."

फोन पुन्हा वाजला. बाईंनी तो घेतला नाही.

"मग जुनाच बसवा," त्या शेवटी म्हणाल्या. "टक् टक् करत होता, पण थरथरत तरी नव्हता. उद्यापुरता चालेल."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! माझी जागा! शेवटी माझ्याशिवाय पान हलत नाही ना? पण ही फुशारकी फार वेळ टिकली नाही. माझे चरे मला ठाऊक होते. वरच्या शेवटच्या वळणाला एका बाजूला कडा आहे आणि दुसऱ्या बाजूला नुसतं आकाश. तिथे मी मोडलो, तर लस तर पोहोचणार नाहीच, पण बाईही परत येणार नाहीत. मला ओरडून सांगावंसं वाटलं, मला नका बसवू! पण या वेळी मला टक् सुद्धा करता येईना.

हळूमामांनी मला डब्यातून उचललं. ते आता पुन्हा हळू झाले होते. त्यांनी माझ्या एकेका हातावरून नख फिरवलं. प्रत्येक चऱ्यात नख अडकलं.

"नाही बाई. हा वर गेला, तर खाली येणार नाही. मी हा बसवणार नाही."

मग त्यांनी मला उलटं केलं आणि थबकले. "हा पांढरा थेंब कसला?"

हळूमामा स्वतःशीच पुटपुटले, "मी रेघ मारली होती. रेघ मारताना उडाला हा." ते मला हातात घेऊनच जीपखाली सरकले. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "आजोबा, इथे एक रेघ होती."

"होती की!" आजोबा उत्साहाने म्हणाले. "चांगली जाड होती. ओली होती म्हणून बरं, पटकन निघाली."

जीपखालून खो खो हसण्याचा आवाज आला. बाईंना आधी काही कळलं नाही. हळूमामांनी बाहेर येऊन सगळं समजावलं, तेव्हा त्याही पोट धरून हसल्या. एकटे आजोबा हसले नाहीत. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. त्यांनी रॉकेलचा बोळा खाली ठेवला आणि हात मागे लपवले.

"चाळीस वर्षांत माझ्या हातून एक सुई हरवली नाही," ते हळूच म्हणाले.

"आजोबा, रेघ तुम्ही पुसलीत, पण न बघता जोडलं मी," हळूमामा म्हणाले.

"आणि घाई मी केली," बाई म्हणाल्या. "बाबा, चुकीचे तीन वाटे झाले. तुमच्या वाट्याला अगदी थोडी आली."

हळूमामांनी शाफ्ट पुन्हा सोडवला. आजोबांना एका टोकाला बसवलं, एक डोळा मिटायला लावला आणि विचारलं, "कान एका रेषेत दिसतात का?" सुईत दोरा ओवावा तसं बघत आजोबा म्हणाले, "अजून एक दाता डावीकडे. हां, आता बरोबर." या वेळी जीप कोपऱ्यावरून परत आली ती लोण्यातून सुरी यावी तशी. बाईंनी बॉनेटवर थाप मारली. मग खाली वाकून शाफ्टवरही एक मारली. त्या नव्या पोराला पहिल्याच दिवशी शाबासकी मिळाली. मला हेवा वाटेल असं वाटलं होतं, पण मी आनंदाने फुलून गेलो.

दुसऱ्या दिवशी लस वर पोहोचली. दोनशे चौदा शेळ्यांना टोचली. आजोबाही बरोबर गेले होते आणि सिरिंजा त्यांनीच उकळल्या. साथ आमच्या डोंगरावर चढलीच नाही. मला मात्र आजोबांनी हळूमामांकडून मागून घेतलं आणि दवाखान्यात बाईंच्या टेबलावर आणून ठेवलं. त्या शेळ्यांची यादी असलेला कागद माझ्याच खाली आहे. मी तो घट्ट धरून ठेवतो.

मित्रांनो, मला एवढंच सांगायचं आहे. गाडी असो, सायकल असो की घरातलं माणूस, कुणी बारीकसा आवाज देत असेल, तर त्याच्याखाली टॉवेल घालू नका. वाकून बघा. डोंगर उतरलात की दांडा परत जागेवर ढकला. आणि कधी तुमची जागा दुसऱ्या कुणाला द्यायची वेळ आली, तर जड मनाने देऊ नका. तो चढ चढतो तेव्हा तुम्हीही थोडे वर जाता.

आता दर रविवारी सकाळी ग्रीसगन आजोबांच्या हातात असते. ते तिला इंजेक्शन म्हणतात. जीपच्या सगळ्या क्रॉसना एकेक इंजेक्शन देऊन झालं, की ते हात धुऊन टेबलापाशी येतात आणि मलाही तेलाच्या फडक्याने पुसतात. चारही हात, मधली खाच, अगदी पोटाचं भोकसुद्धा. पण पांढऱ्या थेंबापाशी आलं की त्यांचं फडकं थांबतं आणि त्याच्या कडेने हळूच वळून जातं.