राजाची हाडदुखी

राजाचा कण्हण्याचा कार्यक्रम सकाळपासून सुरू होता. "आई गं, कंबर गेली माझी!" पाठीशी उशांचा ढीग, बायको शेकायची पिशवी गरम करतेय, आणि हा मधूनच एक डोळा उघडून कोण बघतंय ते बघतोय. ताईच्या डोक्यात तिडीक गेली, पण भावाला बोलायची सोय नव्हती. धाकटीचा जीव या ध्यानाच्या हाडांत अडकला होता.

धाकटीला रक्ताचा कॅन्सर. ताईच्या पेशी तिच्याशी जुळल्या नाहीत, जुळल्या त्या राजाच्या. देवाला दुसरं कोणी सापडलंच नाही! तेव्हापासून स्वारी हवेत. "बहिणीसाठी काळीज काढून देईन," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवून झालं होतं. काळीज मागितलं होतं कोणी? रोज एक इंजेक्शन घ्यायचं होतं, तेही पोटावर, बारीकशा सुईचं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी हाडांच्या मगजात बसून असतात. शरीर स्वतः बनवतं तसलंच एक रसायन या इंजेक्शनमध्ये असतं. ते मगजाला निरोप देतं, की पेशी वाढवा आणि बाहेर रक्तात सोडा. मग हाताच्या शिरेतून त्या गोळा करायच्या आणि धाकटीला चढवायच्या. "हाडं थोडी दुखतील हं," त्या म्हणाल्या होत्या. राजाने तेवढंच लक्ष देऊन ऐकलं. "नर्स कशाला? मीच टोचून घेतो," म्हणत औषधाचा डबा घरी घेऊन आला आणि रोज न्हाणीघराचं दार लावून आत जायला लागला.

पेशी गोळा करायच्या दिवशी आधी त्याचं रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच.

"पांढऱ्या पेशी कितीतरी पट वाढायला हव्या होत्या. काहीच वाढ नाही. मगजाला निरोप मिळालेलाच दिसत नाही. इंजेक्शन खरंच घेतलंत का?"

राजा चपलांकडे बघायला लागला. "सुई बघितली की मला घेरी येते गं, ताई. बेसिनमध्ये ओतलं."

"आणि ते कण्हणं?" ताईने विचारलं.

"दुखणार म्हणाल्या होत्या ना."

हसावं की याच्या कानाखाली आवाज काढावा, ताईला कळेना. मेल्याने नाटक मात्र रोज न चुकता केलं होतं! आणि आत, काचेपलीकडच्या खोलीत, नव्या पेशींना जागा करायला धाकटीचा स्वतःचा मगज औषधांनी जाळून टाकलेला. आता मागे फिरता येणार नव्हतं. नव्याने इंजेक्शनं द्यायची तर पुन्हा तेवढे दिवस हवेत, आणि तेवढ्यात साधा ताप आला तरी पोरगी हातची जायची.

"दुसरा मार्ग आहे," डॉक्टरीणबाई राजाला म्हणाल्या. "तुम्हाला भूल देऊन कमरेच्या हाडात जाड सुया घालायच्या आणि मगजच काढायचा. उद्याच."

राजा दाराकडे सरकला. "मला जरा विचार करू द्या."

"कर की," ताई त्याला आडवी आली. "पण आधी काचेपाशी जा आणि काय केलंस ते तिला तुझ्या तोंडाने सांग. मग खुशाल घरी जाऊन तंगड्या पसरून झोप."

राजाने काचेकडे पाहिलं, मग ताईकडे. हे धाकटीला सांगायला जेवढी छाती लागते तेवढी त्याच्याकडे नव्हतीच. त्यापेक्षा सुया परवडल्या. भित्रा होता म्हणून ऑपरेशनला तयार झाला, ही याची थोरवी!

दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवीतला लाल मगज धाकटीच्या शिरेत थेंब थेंब उतरायला लागला. डोक्यावर एक केस नाही, ओठ सुकलेले. काचेपलीकडून ती फोनवर म्हणाली, "ताई, दादाला फार दुखलं का गं? किती सोसलं बिचाऱ्याने. मी जगले ना, तर त्याच्यामुळे. तू त्याला नेहमी उगाच घालूनपाडून बोलतेस."

ताईच्या जिभेवर सगळं येऊन बसलं होतं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "फार गुणी आहे तो."