पारसमलशेठच्या पाठीवरचा पंप

पैज लागली ती जळगावात, शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, रुपचंदच्या शेडसमोर चहा पिताना. शेडमध्ये त्यानं बनवलेले तीस फवारणी पंप पडून होते आणि महिन्याभरात गिऱ्हाईक आलं नाही, तर कारखान्याला कुलूप लागणार होतं.

शेजारचे कापडवाले पारसमलशेठ हसले. "रुपचंद, आम्ही जैन माणसं मुंगीलाही वाट देतो. तुझं हे किडे मारायचं यंत्र मी तर शिवणारसुद्धा नाही."

"महिन्याच्या आत तुमच्याच पाठीवर चढवतो की नाही बघा."

"चढलं, तर चारचौघांत तुझ्या कारखान्याची पाटी गळ्यात घालीन."

पंधरा दिवसांनी शेठच्या मुलीच्या लग्नाचं वऱ्हाड धुळ्याहून दारात आलं आणि स्वागताची गुलाबदाणी काही सापडेना. ती रुपचंदच्या पिशवीत होती. चारशे वऱ्हाडी उन्हात ताटकळले, व्याही घाम पुसत घड्याळ बघू लागले. तेवढ्यात रुपचंद गुलाबपाण्यानं भरलेला कोरा पंप घेऊन हजर झाला.

"शेठ, यानं अजून एक डासही मारलेला नाही."

शेठनी मुकाट्यानं पट्टे खांद्यावर चढवले आणि दांडा हापसला. वऱ्हाड गारेगार झालं. मग रुपचंदनं आधीच रंगवून आणलेली पाटी त्यांच्या गळ्यात अडकवली.

ती वाचून व्याह्यांनी तिथल्या तिथे दहा पंप सांगितले. धुळ्यात त्यांचा मंडपाचा धंदा होता.